एका गळक्या होडीचा नाताळ

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझ्याजवळ बसून कुणी उसासे टाकू नयेत, एवढं आधीच सांगून ठेवते. लोक येतात, माझ्या फळीवरून हात फिरवतात, "अय्या, किती जुनी!" म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तळाला भोक आहे, ते एकालाही दिसत नाही. असल्या प्रेमाचा मला वीट आला आहे. तुम्हाला माझी कहाणी ऐकायची असेल तर ऐका, पण मी गोड बोलणार नाही.

माझा जन्म जपानच्या गोतो बेटांपैकी एका लहान बेटावर झाला. गेनगो नावाच्या सुताराने देवदाराच्या फळ्या आगीवर शेकून, वाकवून मला घडवलं. हात चांगला होता त्याचा. त्याने दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यांत झाडाच्या सालीचा कुटलेला काथ्या ठासून भरला. याला कलाफत म्हणतात. लाकूड उन्हात आकसतं, पाण्यात फुगतं, मग तो काथ्या सुटतो. म्हणून दरवर्षी उन्हाळा सरला की तो नव्याने भरावा लागतो. गेनगो मला विकताना म्हणाला होता, "रंग नाही दिलात तरी चालेल, कलाफत चुकवू नका." हे वाक्य ऐकणारे दोन पुरुष होते. दोघांनीही मान डोलावली आणि दोघेही विसरले.

त्यांतला एक इवाझो. खाडीच्या पूर्वेच्या वस्तीतला. त्याने मला विकत घेतलं आणि आपल्या मुलीच्या, शिनोच्या लग्नात जावयाला दिलं. जावई तोमेकिची, पश्चिमेच्या वस्तीतला. हा ऐकणारा दुसरा.

आता या दोन वस्त्यांचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. दोन्हीकडचे लोक येशूलाच मानतात. कोणे एके काळी त्या नावासाठी माणसं मारली जात होती, तेव्हा दोन्हीकडच्या पूर्वजांनी तो धर्म लपवून जपला. मागच्या खोलीत, दार लावून, कुजबुजत. पुढे बंदी उठली. परदेशी फादर आले. पूर्वेची वस्ती चर्चमध्ये गेली. पश्चिमेची वस्ती म्हणाली, आमच्या आजा-पणजांनी जीव देऊन जे जसं जपलं, ते तसंच ठेवणार, आम्हाला शिकवायला फादर नको. झालं! तेव्हापासून पूर्वेकडचे म्हणतात, ते अर्धवट. पश्चिमेकडचे म्हणतात, ते बाटलेले. देव एक आणि तोंडं फिरलेली दोन गावं. मधे एक खाडी, आणि त्या खाडीत मी.

मला पाण्यात उतरवलं त्या दिवशी इवाझोने फादरना बोलावून माझ्यावर पवित्र पाणी शिंपडवलं. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला पोचले, तर तोमेकिचीची आई मात्सुए खडकातल्या झऱ्याचं पाणी घेऊन उभी. त्यांचं पवित्र पाणी ते. तिनेही शिंपडलं, वर पुटपुटली, "आधीचं धुऊन जाऊ दे." गेनगो बौद्ध, त्याने तर बांधतानाच माझ्या पोटात आपल्या समजुतीप्रमाणे काहीबाही ठेवलं होतं. तीन-तीन आशीर्वाद मिळाले मला. कलाफत पुढे एकदाही नाही.

लग्नाच्या दिवशी इवाझो किनाऱ्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "जावईबापू, ही होडी म्हणजे माझ्या मुलीची वाट आहे. रविवारी ती चर्चमध्ये दिसली पाहिजे. आणि नाताळच्या मिस्साला, त्या मोठ्या प्रार्थनेला, दिसलीच पाहिजे, फादरच्या हातून कम्युनियनची भाकर घेताना दिसली पाहिजे. नाही दिसली तर होडी परत नेईन."

"हो बाबा," तोमेकिची म्हणाला.

होडी परत म्हणजे काय, ते समजून घ्या. डोंगरावरून पायवाट होती, पण हिवाळ्यात त्या वाटेने बकरीसुद्धा जात नसे. मी गेले तर शिनोचं माहेर गेलं.

आणि सासरी मात्सुएने काय सांगितलं होतं? त्यांच्यातही येशूच्या जन्माचा सण असतो. भात, कच्च्या माशाचे काप, थोडी साके म्हणजे तांदळाची दारू, असा वाडगा भरून मागच्या खोलीत पूर्वजांपुढे ठेवायचा. घरात नवी सून आली असेल तर पहिल्या वर्षी तो वाडगा तिने न्यायचा आणि त्यातला पहिला घास तिनेच खायचा. तो घास खाल्ला की ती घरची. नाही खाल्ला तर वर्षभर पाहुणी, आणि त्या वस्तीत पाहुण्याशी कुणी धड बोलत नाही.

"आई, शिनो सगळं करेल," तोमेकिचीने सांगून टाकलं होतं.

हा माणूस म्हणजे नुसता 'हो'. आईला हो, सासऱ्याला हो, बायकोला हो. माझ्या तळातून पाणी झिरपायला लागलं तेव्हा शिनोने त्याला तीनदा सांगितलं, "अहो, कलाफत करून घ्या ना." तिन्ही वेळा उत्तर काय, तर "हो, हो, करतो." असल्या 'हो'पेक्षा सरळ 'नाही' म्हणणारा माणूस परवडला.

तसं पाहिलं तर दोन्ही सण एकाच दिवशी यायला नको होते. पश्चिमेचा सण चर्चच्या नाताळच्या आधीच्या एखाद्या रविवारी येतो. हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस धरून तो मोजावा लागतो, आणि ते मोजायचा मान वस्तीतल्या एकाच माणसाचा, जिनबेई म्हाताऱ्याचा. तो म्हणेल तो दिवस. त्या वर्षी, युद्ध संपून चार वर्षं झाली होती, म्हातारा तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याच्या हिशेबातून एक रविवार निसटला. उठल्यावर त्याने सांगितलं, सण पंचवीस तारखेला. सकाळी.

पूर्वेला नाताळची मिस्सा पंचवीस तारखेला. सकाळी.

आणि कम्युनियन घ्यायचं तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. पाण्याचा घोटसुद्धा नाही. म्हणजे पश्चिमेला घास खाल्ला तर पूर्वेला तोंड दाखवायची सोय नाही, आणि पूर्वेसाठी उपाशी राहिली तर पश्चिमेला जागा नाही. दोन्हीकडच्या शहाण्यांनी आपापल्या देवाची सगळी अब्रू एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पोटात नेऊन ठेवली. मला विचाराल तर, मोठ्या माणसांना लाज वाटायला हवी होती. कुणालाही वाटली नाही.

नाताळच्या सकाळी वायव्येचा वारा सुटला होता. मी वाळूवर, अर्धी पाण्यात. शिनो आली, चांगला किमोनो नेसून, चर्चमध्ये डोक्यावर घ्यायचं पांढरं वस्त्र छातीशी खोचून. मागून तोमेकिची, आणि त्याच्यामागे तणतणत मात्सुए, दोन्ही हातांत कापडात बांधलेला लाखेचा मोठा वाडगा.

"थांब! पूर्वजांपुढे ठेवलास वाडगा, आता घास खा आणि मग जा कुठे जायचं ते."

"आई, परत आले की खाते. शपथ."

"परत आल्यावर तो प्रसाद राहत नाही, शिळा भात होतो. मागच्या खोलीत सगळे डोळे लावून बसलेत. जिनबेईकाका बसलेत. काय सांगू त्यांना, सुनेला आमच्या भाताची किळस आली?"

"किळस कशाला येईल? पिकवलाय कुणी? मी कापणीला नव्हते का तुमच्याबरोबर?"

"मग खा."

"नाही खाणार."

"अगं, नुसता ओठाला लाव," तोमेकिची म्हणाला. "आईचंही झालं, बाबांचंही झालं. कोण बघतंय?"

"ज्याच्यासाठी करायचं तो बघतोय," शिनो म्हणाली. "मी एकीकडे खाल्ल्याचं नाटक करू आणि दुसरीकडे उपाशी असल्याचं? तुम्हाला जमतं, मला नाही जमत."

"मी काय म्हणतो, तुम्ही दोघी जरा..."

"गप्प!" दोघी एकदम ओरडल्या. सासू-सुनेचं तेवढं एकमत त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

शिनो सरळ माझ्यात येऊन बसली. मात्सुएही वाडगा सांभाळत पाय टाकून आत आली.

"आई, तू कुठे?"

"हिची ती कम्युनियनची भाकर तोंडात पडली की तिथेच, चर्चच्या पायरीवर, हिला घास भरवणार. वाडगा गरम असेपर्यंत पोच म्हणजे झालं. मार वल्हं!"

मात्सुए जन्मात पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरली नव्हती. तोमेकिचीने मला ढकललं.

मित्रांनो, मी काही समुद्राला भिणारी नाही. पण दोन माणसांच्या वजनाने जो सांधा नुसता झिरपत होता, तो तिसऱ्या माणसाच्या वजनाने उघडला. खाडीच्या मधोमध लाटा बाजूने थपडा मारायला लागल्या आणि पाणी आत यायला लागलं. आधी घोट्यापर्यंत आलं.

"अहो, पाणी उपसायचं भांडं कुठाय?" शिनोने विचारलं.

तोमेकिची आणखी जोराने वल्हं मारायला लागला.

"भांडं कुठाय?"

"मुळे खारवायला घेतलं होतं घरी. राहिलं तिथेच."

काय बोलावं! भांडं मुळ्यांमध्ये आणि माणसं समुद्रात. शिनो ओंजळीने उपसायला लागली. ओंजळीने कधी होडी रिकामी होते? पाणी पोटरीला आलं. मी जड होत चालले होते, मला माझं कळत होतं. अजून थोडा वेळ, मग मी बसणार होते खाली, आणि त्या गार पाण्यात किमोनो नेसलेली माणसं किती टिकतात ते मला ठाऊक होतं.

अख्ख्या होडीत भांडं म्हणावं असं एकच होतं. तिघांचीही नजर त्यावर गेली.

"आई, वाडगा द्या," शिनो म्हणाली.

"प्रसाद आहे यात. समुद्रात नाही टाकायचा. माझ्या पणजीने उपाशी राहून हा भात वाढलाय, शिपाई दारात असताना."

"टाकायचा नाही ना? मग खाल्ला पाहिजे." शिनोने हात पुढे केला. "आणा, मी खाते. गेलं कम्युनियन तर गेलं. बाबा होडी नेतील, नेऊ देत. माणसं तर वाचतील."

तिची बोटं भाताला लागणार, तेवढ्यात मात्सुएने तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

"तोंड बंद ठेव! एक कण आत जाता कामा नये तुझ्या."

"आई?"

"आज सण नाहीच आपला," मात्सुए म्हणाली. "मागच्या रविवारी झाला. मी बोटांवर मोजलाय. वस्तीतल्या सगळ्या बायकांनी मोजलाय. जिनबेईकाकांची चूक झाली."

पाणी गुडघ्याला टेकलं होतं, आणि ती पोरगी उपसायचं थांबली.

"तुम्हाला माहीत होतं? मग सकाळपासून माझ्या मागे का लागलात? आठवडाभर का छळलंत?"

"म्हाताऱ्याला कोण सांगणार? साठ वर्षं मोजतोय तो. तुझा रविवार हरवला असं सांगितलं असतं तर त्या रात्रीच गेला असता. आणि सगळे बसलेत तिथे, सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. मग मी एकटीने का बोलू?"

"म्हणून माझा बळी!"

"हो, म्हणून तुझा बळी. सून नवी असते, तिचं काय जातंय, असंच वाटतं सगळ्यांना. मलाही वाटलं. भांड नंतर! तोमे, तोंड उघड!"

आणि मग मी जे पाहिलं ते कुठल्याही होडीने पाहिलं नसेल. मात्सुएने वाडग्यातला भात मुठीने उचलला, एक घास स्वतःच्या तोंडात, एक लेकाच्या. मासा, भात, साके, सगळं एकत्र. तोमेकिचीचा एक हात वल्ह्यावर, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. मात्सुए भरल्या तोंडाने प्रार्थनाही पुटपुटत होती आणि मधेच लेकाला "गीळ, गीळ लवकर!" म्हणत होती. शेवटचा कण चाटून झाल्यावर तिने वाडगा माझ्या पोटात घातला आणि पाणी बाहेर भिरकावलं. दोघी आळीपाळीने उपसत राहिल्या. लाखेवर ओरखडे उठले. पणजीचा वाडगा होता तो. मात्सुएने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही लागलो पूर्वेला. चर्चची घंटा थांबली होती, आतून गाणं ऐकू येत होतं. इवाझो किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभा.

"ही वेळ आहे यायची? आणि या कशा काय बरोबर?" मग त्याचं नाक आक्रसलं. "साकेचा वास येतोय! शिनो, तू यांच्या सणाचं खाऊन आलीस?"

शिनोने तोंड उघडायच्या आत मात्सुए वाळूवर उतरली. कमरेपर्यंत भिजलेली, केस विस्कटलेले, हातात वाडगा.

"तिच्या वाटचं मी खाल्लंय, व्याही. तिच्या पोटात काल रात्रीपासून वारासुद्धा गेलेला नाही. विश्वास नसेल तर आत जाऊन तुमच्या देवाला विचारा. आणि आडवे उभे राहू नका, पोरीला जाऊ द्या!"

इवाझो बाजूला झाला. शिनो ओल्या किमोनोने धावत सुटली. तिला भाकर मिळाली की नाही ते मला दिसलं नाही, मी होडी आहे. पण बाहेर आली तेव्हा तिने आधी मागितला तो पाण्याचा घोट, एवढ्यावरून तुम्हीच ओळखा.

तोवर इवाझोने मला उलटं करून पाहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा तळ पाहिला.

"जावईबापू, हे काय? सांधा बोटभर उघडलाय! कलाफत?"

"हो, म्हणजे करणारच होतो..."

"व्याही, त्याला नंतर बोला," मात्सुए म्हणाली. "मला दुपारच्या आत परत जायचंय. दुपारच्या प्रार्थनेला घरची बाई हजर नसली तर वस्ती म्हणेल, मात्सुए बाटली. सुनेपाठोपाठ तीही गेली. मग मला त्या वस्तीत राहायची सोय नाही. ठोका हे लवकर."

इवाझोने मान हलवली. "विहीणबाई, आज नाताळ. त्यात रविवार. हातोडा उचलायचा नाही आज."

मात्सुए मटकन वाळूवर बसली. "आमच्यातही नाही उचलत सणाला," ती म्हणाली.

बघा मित्रांनो! शंभर वर्षांत या दोन वस्त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट कुठली? तर मला दुरुस्त करायचं नाही! मला इतका संताप आला, की पाय असते तर मी उठून चालायला लागले असते.

"मग राहू या इथेच आज," तोमेकिची म्हणाला.

त्याला कुणी 'गप्प'सुद्धा म्हटलं नाही.

शिनो चालत बापाच्या होडीकडे गेली. तिथून हातोडा आणि सांधा ठासायची लोखंडी पट्टी घेऊन आली, आणि चांगल्या किमोनोसकट माझ्या बाजूला वाळूत गुडघे टेकून बसली.

"शिनो!" इवाझो गरजला. "आत्ता कम्युनियन घेऊन आलीस ना?"

"घेऊन आले. म्हणूनच अंगात जोर आहे." तिने जुना सुटलेला काथ्या ओरबाडून काढला. "तुमच्याकडचं पाप, यांच्याकडचं पाप, दोन्ही माझ्या नावावर घाला. पुढच्या रविवारी फादरना सांगेन. आईंना कुणाला सांगायचं असेल ते त्या सांगतील. पण त्यांनी माझ्यासाठी घास खाल्लाय, आणि मी त्यांना वेळेवर घरी पोचवणार. आणखी कुणाला काही बोलायचंय?"

चर्चमधून बाहेर पडलेली माणसं लांब उभी राहून बघत होती. हातोड्याचा आवाज खाडीभर घुमला, पश्चिमेलाही ऐकू गेला असणार. इवाझो पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. "मी काही पाहिलं नाही," एवढं म्हणाला. पण पाठमोऱ्यानेच त्याने नव्या काथ्याची जुडी पायाने सरकवत सरकवत तिच्यापर्यंत आणली. मात्सुए उठली, ती जुडी सोडली, आणि एकेक पेड वळून सुनेच्या हातात द्यायला लागली. ते काम नव्हतं का? होतं. पण ती म्हणाली, "मी नुसती हातात धरलीय."

इवाझोने होडी परत मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दुपारच्या आत मी मात्सुएला पश्चिमेला पोचवलं. एक थेंब आत आला नाही. वाटेत त्या दोघी भांडल्याच. शिनो म्हणत होती, जिनबेईकाकांना पुढच्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं. मात्सुए म्हणत होती, पुढच्या वर्षी पुढचं बघू. पण भांडता भांडता दोघी एकाच फळीवर बसल्या होत्या, आणि शिनोच्या खांद्यावर मात्सुएची कोरडी शाल होती.

पुढे मी पुष्कळ वर्षं राबले. रविवारी पूर्वेला, सणाला पश्चिमेला. दर शरदात शिनो स्वतः कलाफत करायची. तोमेकिचीला तिने पुन्हा सांगितलं नाही, मला तर तेच बरं वाटलं. मग इंजिनाच्या होड्या आल्या, मग डोंगरातून रस्ता झाला. मला ओढून प्रवाशांच्या खानावळीसमोर ठेवलं. आता डिसेंबर आला की माझ्यावर रंगीत दिव्यांची माळ लावतात, आणि ती लावायला माझ्या फळ्यांत खिळे ठोकतात. खिळे ठोकणाऱ्यांना वाटतं, ते माझा मान करताहेत. नको मला तुमचा मान! तो खर्च वाचवा आणि माझे सांधे भरा. भरलेत तर मी अजूनही पाण्यावर उभी राहीन.

मित्रांनो, आणखी एक सांगते, मग बोलायचं थांबते. तुमच्याही घरात केव्हातरी नवी मुलगी येईल. तिचा पहिला सण येईल. दोन्ही घरं आपापल्या किनाऱ्यावर उभी राहून तिला हाका मारतील, आणि प्रत्येकाला वाटेल की आपण प्रेमानेच बोलावतोय. हाका मारू नका. निघण्याआधी होडीचा तळ पाहा. आणि तिला एकटीला पाठवू नका. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याबरोबर बसा, चांगले कपडे भिजले तर भिजू द्या, आणि पाणी उपसा.